चतुःसीमेसह एक फूल

रोज काहीतरी करणारी माणसं शेजारी असू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज फिरायला जाणारा एक वेळ परवडला, तो निदान घराबाहेर असतो. रोज कारल्याचा रस पिणारा स्वतःचंच तोंड कडू करतो. पण रोज चित्र काढणारा फार वाईट. चित्र झालं की ते कुणाला तरी दाखवावं लागतं, आणि सकाळी साडेनऊला सगळी आळी कामावर गेलेली असते. उरतो एक निवृत्त मास्तर. म्हणजे मी.

आमचे नाना मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. जन्म सातारा जिल्ह्यातल्या बांधांवर गेला. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे आकडे नाना ज्या भक्तीनं म्हणतात त्या भक्तीनं आमच्याकडे अथर्वशीर्षही म्हटलं जात नाही. दोन भावांमधला बांध मोजायचा, दोघांच्याही शिव्या खायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, ही नोकरी. अशा नोकरीत माणसाचा चेहरा जसा व्हायचा तसा नानांचा झाला होता. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर ते ओट्यावर बसून आळीतल्या कुणाचं कुंपण किती पुढं सरकलंय हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझी भिंत सव्वा फूट सरकली होती, असं त्यांचं म्हणणं. मी ते कधी मान्य केलं नाही, पण मोजूनही पाहिलं नाही.

आणि मग या माणसाला रानफुलं लागली. कशी लागली याच्या दोन कथा आहेत. नाना म्हणतात, नातू सुट्टी संपवून गेला आणि कॅमलची रंगपेटी विसरला. वस्तू पडून राहणं बरं नाही, म्हणून. काकू म्हणतात, त्या पावसाळ्यात लाइट फार जायचे आणि टीव्ही बंद असायचा. मला काकूंची कथा जास्त खरी वाटते. कारण काही असो, नाना आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला पाट टाकून बसले, त्यांनी एक केना काढला, दुसऱ्या दिवशी आणखी एक काढला, आणि तेव्हापासून आजतागायत ते थांबलेले नाहीत.

रानफूल कशाला म्हणायचं याची नानांची व्याख्या पक्की आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ते रानफूल. कुणी लावलेलं, कुणी पाणी घातलेलं, कुंडीत वाढलेलं फूल त्यांना चालत नाही. आमच्या हिनं एकदा मोठ्या हौसेनं दुहेरी जास्वंद नेऊन दिली. नानांनी हात जोडले. ‘वहिनी, ही तुमच्या मालकीची. आपल्या रजिस्टरला हिची नोंद नाही होणार.’ हिनं ती परत आणून गणपतीला वाहिली आणि आठवडाभर त्यांच्या घरी विरजण पाठवलं नाही. नानांची मंडळी वेगळी. गटाराकडेचा आघाडा, भिंतीच्या फटीतली एकदांडी, उकिरड्यावरचा धोतरा, उन्हाळ्यात सगळं करपल्यावरही काट्यांसकट जांभळी फुलून बसणारी भुईरिंगणी. एप्रिलात एके दिवशी काहीच मिळालं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पायजम्याला चिकटलेली आघाड्याची कुसळं काढली. पायजमाही काढला, म्हणजे चित्रात.

त्यांची वही बघण्याजोगी असते. जाड कार्ट्रिज कागद आणायचा, कापायचा आणि सुताच्या दोऱ्यानं शिवायचा. एका पानावर एकच फूल, आणि तेही आहे त्याच मापाचं. त्यामुळे पाऊण फूट लांबीच्या पानावर मधोमध नखाएवढा निळा ठिपका असतो आणि बाकी कागद कोरा. कोरा म्हणजे चित्रापुरता. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण असतो. खाली ‘प्रमाण १:१’. आणि त्याखाली, खात्याच्या वळणदार अक्षरात, फुलाच्या चतुःसीमा. एक मासला देतो: ‘केना. वेळ सकाळी ७.१०. पूर्वेस गटार. पश्चिमेस मास्तरांची भिंत (सव्वा फूट अतिक्रमित). दक्षिणेस दगड. उत्तरेस शेण, ताजे.’

हे वळण जुनंच. शाळेत असताना नाना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते. स्मरणचित्राला विषय आला एसटी स्टँडवरची गर्दी. मुलांनी बायका, बोचकी, खिडकीतून रुमाल टाकणारी माणसं असं काय काय रंगवलं. नानांनी स्टँडचा वरून दिसणारा नकाशा काढला, फलाट आखले, मुतारी दाखवली आणि गर्दीच्या जागी ठिपके दिले. ‘सी’ ग्रेड मिळाली. ती ठिपक्यांची असावी.

श्रावण-भाद्रपदात त्यांच्या घरचं घड्याळ केना चालवतो. केन्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून त्याचा निळा लगदा होतो. तेव्हा आंघोळ नंतर, पूजा नंतर, बीपीची गोळी त्याच्याही नंतर. सात वाजता नाना पाटावर हजर. डोक्याला कानटोपी, गुडघ्यावर वही, ब्रश शून्य नंबरचा, आणि पाण्याला देवघरातलं पंचपात्र. पंचपात्रच का, तर तळ जड, वाऱ्यानं कलंडत नाही. काकूंनी ते दोनदा घासून देवापुढं ठेवलं. तिसऱ्या दिवशी घासायचं राहिलं आणि बाळकृष्णाला कोबाल्ट ब्लूचं स्नान घडलं. देवाच्या वर्णाला ते शोभूनच दिसत होतं, पण काकूंना पटलं नाही. आता घरात दोन पंचपात्रं आहेत. दोन्ही नानांकडे असतात.

मी जन्मभर केना तुडवत शाळेत गेलो. त्याला किती पाकळ्या असतात, असं कुणी विचारलं असतं तर मी ठामपणे दोन म्हणालो असतो. वर कानांच्या जागी दोन निळ्या पाकळ्या असतात. त्या सगळ्यांना दिसतात. नानांनी मला प्लॉटच्या कडेला उकिडवं बसवलं आणि भिंग हातात दिलं. खाली तिसरी पाकळी होती, लहानशी, फिकी, मागं दडलेली. मधोमध पिवळ्याजर्द फुल्या, गणिताच्या वहीत मी मारायचो तशाच. आणि हे सगळं एका दुमडलेल्या हिरव्या पानाच्या खिशातून बाहेर आलेलं. आजचं मिटलं की त्याच खिशातून पुढचं. मी मनापासून ‘वा’ म्हणालो. ही चूक झाली असं नाही म्हणणार, पण त्यानंतर माझी सुटका नव्हती.

पुढं एकदा नानांनी खुरप्यानं केन्याच्या बुडाशी उकरलं, तर मातीतही फुलं. या केन्याला ती खरंच येतात. जमिनीखाली, कधीही न उमलणारी, मिटल्यामिटल्याच स्वतःचं स्वतः बी धरणारी. नाना ते फूल मातीसकट तळहातावर घेऊन धावत आले. मी दाढी करत होतो. ‘मास्तर, बेनामी!’ ते ओरडले. ‘वर दाखवायला निळं, आणि खाली विनानोंद! जन्मभर असल्या जमिनी बघितल्या, असलं फूल पहिल्यांदा बघतोय.’ त्या दिवशी माझा कल्ला एक वर आणि एक खाली राहिला. त्या पानावर चतुःसीमेत त्यांनी चारी दिशांना ‘माती’ असं लिहिलं आहे.

या सगळ्यात काकूंचं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. काकूंचा रानफुलांना विरोध नाही. त्यांचा विरोध फुलू देण्याला आहे. केन्याच्या पानांची भजी होतात. टाकळा आणि कुर्डू यांची भाजी होते, आणि काकू ती अशी करतात की माणसानं मुक्कामाला यावं. पण पालेभाजी खुडायची ती कोवळी असताना. टाकळ्याला पिवळी फुलं येईपर्यंत पानं निबर होतात, आणि कुर्डूला तुरा आला की भाजीचा विषय संपला. थोडक्यात, नवऱ्याला जे भाद्रपदात रंगवायचं ते बायकोला आषाढात फोडणीला घालायचं. पहिल्या वर्षी नाना टाकळ्याच्या एका ताटव्यावर महिनाभर नजर ठेवून होते. एका सकाळी गेले तर नुसते दांडे. दुपारी पानात भाजी आली. नानांनी आधी ओळखली नाही. ओळखल्यावरही दुसऱ्यांदा वाढून घेतली, हे काकू आवर्जून सांगतात.

शेवटी घरात फाळणी झाली. प्लॉटवरच्या टाकळ्याचे नानांनी दोन पोटहिस्से पाडले, मध्ये सुतळी बांधली. रस्त्याकडचा हिस्सा काकूंचा, भिंतीकडचा नानांचा. काकूंनी सही दिली नाही, पण सुतळी मानली. फक्त दर दोन-चार दिवसांनी सुतळी भिंतीकडे बोटभर सरकलेली असते. जिल्ह्यातले भलेभले बांधकोरे ज्यांनी पकडले त्या नानांना घरातला सापडत नाही, किंवा भाजीवर लोभ असल्यामुळे ते सापडवून घेत नाहीत.

आता चित्रांबद्दल खरं सांगायला हवं. चित्रं सुमार आहेत. पहिल्या वहीतला केना आणि यंदाचा केना शेजारी ठेवले तर आधीचा कुठला हे तारीख वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या गणेशोत्सवात वह्या मांडल्या होत्या. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक बराच वेळ बघत राहिले आणि ‘अक्षर सुरेख आहे’ एवढं म्हणून पुढं गेले. एका मुलीनं शेण फार छान जमलंय असं सांगितलं. नाना दोघांवरही खूश. हात बसत नाही याचं त्यांना दुःख असं नाहीच. आज देठ जाड झाला? उद्या काढू की परत. कलावंताला जी एक जळजळ असते, ती नानांकडे औषधालाही नाही, आणि चित्रं सुमार राहण्याचं तेच कारण असावं. पण त्याच कारणानं ते रोज सकाळी लग्नाला निघाल्याच्या उत्साहानं बाहेर पडतात. मी तरुणपणी कविता करायचो. जळजळ भरपूर होती. चार वर्षांत बंद पडलो.

अडचणी मात्र त्यांना खऱ्या चित्रकाराच्याच येतात. एकदांडी घ्या. वीतभर उंच सरळ दांडा, टोकाला एकच फूल. कडेनं साधारण पाच दुधी पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात, मध्ये पिवळी चकती. मूळची अमेरिकेची, पण आता इतकी आपली झाली की खरचटल्यावर खेड्यात तिचाच पाला चोळून लावतात. तर हे पांढरं फूल पांढऱ्या कागदावर काढायचं कसं? नानांनी आधी पांढरा रंग लावला. काहीच दिसेना. मग काळ्या रेघेनं कड काढली. फुलाचा श्राद्धपक्ष झाला. शेवटी कुणीतरी सांगितलं की पांढरं रंगवायचंच नसतं, त्याच्या मागची हिरवळ रंगवायची आणि फुलाची जागा सोडून द्यायची. नानांना हे तत्काळ पटलं. ‘म्हणजे आजूबाजूचे गट मोजायचे, मधला आपोआप निघतो!’ खात्यात असंच करतात म्हणे. त्यांची एकदांडी हे त्यांच्या सगळ्या वह्यांमधलं एकमेव चित्र आहे जे मी, कुणी भीड घातली नसती तरी, चांगलं म्हणेन.

सोनकीनं त्यांना जास्त छळलं. भाद्रपदात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर सोनकी फुलते तेव्हा डोंगर पिवळा होतो, आणि नाना लेमन यलोची ट्यूब शेवटपर्यंत पिळतात. पिवळं जमतं, पिवळ्याची सावली जमत नाही. सावली म्हणून त्यात काळा मिसळला की रंग शेवाळी हिरवा होतो, आणि फूल आठवड्यापूर्वीचं दिसतं. दोन पावसाळे नाना हिरवट सोनक्या काढत होते. आणि एके दुपारी, तेरडा रंगवून झालेला ब्रश नीट न धुता त्यांनी पिवळ्यात बुडवला. तेरड्याचा जांभळा किंचित त्यात उतरला, आणि पाकळीच्या बुडाशी सावली पडली. खरी, ऊबदार, उन्हातली सावली. मी वामकुक्षीत होतो. खिडकीच्या गजातून आवाज आला, ‘मास्तर, उठा, सावली सापडली!’ मी दचकून उठलो. मला वाटलं कुणी गेलं. नाना ब्रश हातात घेऊन आमच्या अंगणात उभे होते, कपाळाला पिवळा, नाकाला जांभळा. पिवळ्याला जांभळा मारतो हे रंगशास्त्रात पहिल्या पाठात असतं, मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. जो माणूस निवृत्तीपर्यंत कधी हसला नाही त्याला माझ्या अंगणात नाचताना बघत होतो. त्या वेळी पहिला पाठ कुठं काढायचा?

पावसाळ्याचे इतर त्रास सगळ्यांनाच सोसावे लागतात. साताऱ्याची हवा श्रावणात अशी ओलसर की रंग वाळत नाही, कागद पापडासारखा वळतो आणि पहिला थर ओला असताना दुसरा दिला की चिखल होतो. सून आली की तिचं केस वाळवायचं यंत्र नानांच्या ताब्यात जातं. ती नसते तेव्हा चित्रं गॅसशेजारी उभी राहतात. एका सोनकीला मोहरीची फोडणी लागलेली आहे, ते डाग नानांनी परागकण म्हणून ठेवून दिले.

आणि गाजर गवत. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आता कुठं नाही ते विचारा. कुणाला त्यानं खाज येते, कुणाला दमा. नानांना शिंका येतात. आळीनं एका रविवारी निर्मूलनाची मोहीम काढली, हातमोजे वाटले, चहा ठेवला. नाना सर्वांच्या आधी जाऊन त्याचं चित्र काढत बसले, कारण त्याच्याही नावावर सातबारा नाही. त्या चित्राबद्दल लोक म्हणतात की फुलांचे बारीक पांढरे ठिपके अगदी जिवंत उतरलेत. काकूंना विचारा, त्यातले निम्मे शिंकांचे आहेत.

एवढं फुलवेड असलेला माणूस कासला पडीक असेल, असं लोकांना वाटतं. कास पठार आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात महाराष्ट्रातली चार, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. तेव्हापासून सप्टेंबरातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्या अशा लागतात की खाली राहणाऱ्यांनी पेढे आणायलाही बाहेर पडू नये. मुलानं हौसेनं नानांना नेलं. मीही गेलो. वर सीतेच्या आसवांची निळीजांभळी चादर, त्यात गेंदांचे पांढरे मणी, मधूनच कवल्याची पिवळी फुलं, ज्यांना हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात. लोक फुलांकडे पाठ करून फोटो काढत होते. नानांनी सीतेच्या आसवांसमोर बसायला पाट काढला, तशी शिट्टी वाजली. पठारावर बसायचं नाही, फुलं तुडवली जातात, नियम योग्यच. नानांनी नियम मोडला नाही. ते गाड्या लावतात तिथं परत गेले आणि एका टेंपोच्या चाकाशी उगवलेली एकदांडी काढत बसले. मुलगा हताश. ‘बाबा, एवढं लांब येऊन हीच? ही तर आपल्या दारात आहे.’ नाना म्हणाले, ‘दारातलीच्या चतुःसीमा वेगळ्या.’

वाटेत एका गुराख्यानं मात्र त्यांना कंदीलपुष्प दाखवलं आणि तिथं अर्धा तास गाडी थांबली. छोटा हिरवट कंदील. माशी वरून आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले असल्यानं तिला वर येता येत नाही, परागांचं काम झालं की केस सुकतात आणि माशी सुटते. नाना ऐकून गंभीर झाले. ‘कचेरीच आहे ही,’ म्हणाले. ‘आत कुणीही येतं. बाहेर जायचं ते काम झाल्यावर. फक्त इथं काम होतं.’

मी एकदा त्यांना दापोडीची हकिकत सांगितली. पुण्याजवळची दापोडी, आज लोकांना एसटीच्या कार्यशाळेमुळे माहीत असलेली. तिथं एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची वनस्पतिबाग होती. तिचा प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यानं १८४७ ते १८५०च्या सुमारास एका चित्रकाराकडून तिथली झाडंफुलं रंगवून घेतली. दीडशेहून जास्त चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत जपून ठेवली आहेत. चित्रकार हिंदी-पोर्तुगीज होता एवढंच कळतं. नाव राहिलेलं नाही. मला वाटलं, नाव गेल्याचं ऐकून नानांना वाईट वाटेल. नाना विचारात पडले आणि म्हणाले, ‘नाव जाऊ द्या हो. चतुःसीमा लिहिल्या होत्या का?’

बहुधा नव्हत्या, असं मी म्हणालो. ‘मग सापडायचं कसं ते झाड?’ नाना खरोखर अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी दापोडीला जाऊन जागेवर काय उरलंय ते बघू म्हणत होते. एसटीच्या कार्यशाळेत गवत असणारच, यावर त्यांचा विश्वास आहे.

म्हणी-बिणी तपासायचाही त्यांना नाद आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तर खरंच तीन का? एका फुलाला दोरा बांधून नाना रोज तेच फूल काढत राहिले. दुसऱ्या दिवशी रात्री मुसळधार पाऊस झाला आणि फूल गळलं. वहीत शेरा आहे: ‘पावसामुळे मोजणी तहकूब. म्हण तूर्त कायम.’ आणि कारवीसाठी त्यांनी वहीत पानं कोरी सोडली आहेत. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. डॉक्टर बीपीबद्दल काही बोलायला लागले की नाना ती कोरी पानं दाखवतात.

मागच्या भाद्रपदात प्लॉटवर जेसीबी आला. मालक पुण्यात बाणेरला असतात; साफसफाई करून कुंपण घालायचं त्यांनी ठरवलं होतं. सकाळचे साडेसात. तेरडा ऐन भरात, केना उमललेला, पाटावर नाना. ठेकेदार पोरगा नम्र होता. ‘काका, जरा उठता का? गवत काढायचंय.’

नाना उठले नाहीत. ‘मोजणी झालीय का?’

‘नाही बा. गवतच तर काढायचंय.’

‘हद्दीचा दगड कुठाय दाखव.’ पोरानं इकडेतिकडे पाहिलं. कंबरेएवढ्या तेरड्यात दगड कुठला दिसायला. नानांचा आवाज बदलला. तीस-चाळीस गावांच्या बांधांवर चाललेला तो आवाज आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. ‘महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. हद्दीची खूण हलवली, दंड. तुझं यंत्र दगडाला लागलं तर मालक बाणेरला, आणि इथं कोण? तू.’

पोरानं फोन लावला. मालक घाबरले, म्हणाले आधी मोजणी करून घेऊ. नाना म्हणाले, करा की, पण पावसाळ्यात उभ्या पिकात मोजणी होत नसते. ठेकेदारानं हात पसरले. ‘काका, इथं पीक कुठंय?’

‘हे काय!’ म्हणून नानांनी अख्ख्या प्लॉटवरून ब्रश फिरवला. निळ्या रंगाचा एक थेंब पोराच्या शर्टावर उडाला. जेसीबी परत गेला.

आता एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ठेकेदाराला नव्हती. हद्दीचा दगड कुठं आहे हे नानांना इंचाइंचानं माहीत आहे. त्यांच्या तेरड्याच्या प्रत्येक चित्राखाली लिहिलेलं असतं, ‘दक्षिणेस हद्दीचा दगड, अंतर दीड वीत’. वही त्या वेळी माझ्याच हातात होती. मी ती मिटली आणि हवापाण्याबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशीच्या केन्याखाली चतुःसीमा आली ती अशी: ‘पश्चिमेस मास्तरांची भिंत.’ कंसातलं सव्वा फूट गेलं होतं. खात्यात याला काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

तर साताऱ्यात ज्यांचे प्लॉट रिकामे पडून आहेत त्यांना एक विनंती. गवत काढायचं असेल तर दसरा होऊ द्या, आणि येण्याआधी फोन करा. तोवर तिथं कडेला एक म्हातारा पाटावर बसलेला दिसला तर त्याला उठवू नका. आणि वही पुढं केली तर निदान एक पान बघा. एका पानावर तो सोडत नाही, पण सुरुवात तरी होते.